धूसरतेतून खोलीचे मापन : संगणकीय दृष्टीतील एका विचाराचा इतिहास

प्रस्तावना

छायाचित्रात त्रिमितीय जग सपाट पृष्ठावर उतरते आणि कॅमेऱ्यापासून वस्तूचे अंतर, म्हणजेच खोली, या प्रक्रियेत लोप पावते. ही लोपलेली मिती पुन्हा मिळविणे हा संगणकीय दृष्टी या विद्याशाखेचा मूलभूत प्रश्न होय. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांतील फरकातून खोलीची जाणीव होते, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपच्या साहाय्याने दाखविले. डेव्हिड मार व टोमासो पोज्जिओ यांनी १९७६ मध्ये हाच द्विनेत्री मार्ग संगणकीय रूपात मांडला. भिंगाच्या फोकसबाहेर राहिलेल्या भागाची धूसरता मात्र प्रतिमेतील दोषच समजली जाई. हा दोष मोजमापाचे साधन कसा ठरला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

धूसरतेचे स्वरूप

भिंग ज्या अंतरावर फोकस केलेले असते तेथील बिंदू प्रतिमेत बिंदूरूपाने उमटतो. त्याच्या पुढील वा मागील बिंदूचे मात्र लहानसे वर्तुळ बनते. वर्तुळाचा व्यास भिंगाच्या छिद्रावर आणि वस्तूच्या अंतरावर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटर नाभीय अंतर व २५ मिलिमीटर छिद्र असलेले भिंग २ मीटरवर फोकस केले, तर ४ मीटरवरील बिंदूचे वर्तुळ सुमारे ०.३२ मिलिमीटरचे होते. परंतु सुमारे १.३३ मीटरवरील बिंदूचे वर्तुळही तेवढेच भरते. म्हणजे केवळ धूसरता मोजून वस्तू पुढे आहे की मागे, हे ठरत नाही. शिवाय ढगाची कडा किंवा सावली मुळातच मऊ असते. धूसरता भिंगाची की दृश्याची, हा दुसरा पेच होय.

प्रारंभीचे संशोधन

ॲलेक्स पेंटलंड यांच्या १९८७ च्या शोधनिबंधाने या विचाराला निश्चित रूप दिले. भिन्न छिद्रे वापरून घेतलेल्या एकाच दृश्याच्या दोन प्रतिमांची तुलना केल्यास दृश्याचा स्वतःचा मऊपणा दोहोंत समान असल्याने वजा होतो आणि केवळ भिंगाचा परिणाम उरतो, हे त्यातील मर्म. तथापि केवळ छिद्र बदलल्याने पुढे-मागेची संदिग्धता सुटत नाही. मुरलीधर सुब्बाराव यांनी १९८८ मध्ये ही पद्धत व्यापक केली. दोहोंपैकी एक प्रतिमा स्पष्ट असण्याची गरज उरली नाही आणि फोकससह कॅमेऱ्याची कोणतीही मांडणी बदलता येऊ लागली. फोकस बदलला की एका बाजूची वस्तू अधिक धूसर व दुसऱ्या बाजूची अधिक स्पष्ट होते आणि पहिला पेच सुटतो. कोऱ्या भिंतीवर मात्र धूसर होण्याजोगे काहीच नसते. श्री नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास दृश्यावर प्रकाशाची नक्षी पाडून ही अडचण दूर केली आणि सेकंदाला ३० खोली-नकाशे देणारे यंत्र सिद्ध केले.

पवई येथील योगदान

या इतिहासात मुंबईचेही स्थान आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुभासिस चौधुरी व ए. एन. राजगोपालन यांनी धूसरता प्रतिमेत स्थळागणिक बदलते हे गृहीत धरून, मार्कोव्ह यादृच्छिक क्षेत्र या संख्याशास्त्रीय प्रतिमानाच्या आधारे खोली व मूळ स्पष्ट प्रतिमा दोन्ही एकाच वेळी काढण्याची रीत मांडली. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचिछिद्र कॅमेऱ्याच्या आदर्श कल्पनेऐवजी प्रत्यक्ष छिद्र असलेल्या भिंगाचा स्वीकार, ही त्यांची भूमिका ग्रंथाच्या उपशीर्षकातच नमूद आहे.

मर्यादा व पुनर्मूल्यांकन

ही पद्धत द्विनेत्री पद्धतीहून कमी अचूक आहे, असा आक्षेप घेतला जाई. योआव शेखनर व नाहुम किर्याती यांनी २००० मध्ये दाखविले की, दोन्ही पद्धतींचे भौमितिक तत्त्व एकच आहे; दोन कॅमेऱ्यांतील अंतराची जागा येथे छिद्राचा व्यास घेतो. छिद्र सहसा लहान असल्याने अचूकता कमी पडते. वरील उदाहरणातील भिंगासाठी २० व ४० मीटरवरील वर्तुळांत केवळ ०.०३ मिलिमीटरचा फरक राहतो. म्हणून ही पद्धत जवळच्या अंतरासाठीच विशेष उपयुक्त ठरते. निसर्गातही तसेच आढळते. उडी मारणारा एक कोळी भक्ष्याचे अंतर धूसरतेवरून ठरवितो, असे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये सिद्ध केले.

समारोप

२०१४ मध्ये पॅनासॉनिकने आपल्या कॅमेऱ्यातील स्वयंचलित फोकससाठी हेच तत्त्व वापरले. या वाटचालीत भिंगाचे भौतिकशास्त्र बदलले नाही. बदलला तो संशोधकांचा प्रश्न. धूसरता कशी घालवावी, याऐवजी ती कशामुळे आली असे विचारले गेले, तेव्हा टाकाऊ मानलेली माहिती पुरावा ठरली. मोजमापातील दोष दुरुस्त करण्यापूर्वी त्याचे कारण तपासावे, हा धडा अन्य विद्याशाखांच्या अभ्यासकांनाही उपयुक्त ठरावा.