घोडे बसले, तेव्हा बंब कुणी ओढले?

२०२२ ला लम्पीच्या साथीत आपल्याकडं जनावरांचे बाजार बंद झाले होते, आठवतंय ना? दावणीचा बैल आजारी, अन् दुसरा आणायला बाजार नाही. तशीच वेळ १८७२ साली अमेरिकेतल्या शहरांवर आली होती. तिथं आजारी पडले घोडे.

साथ सुरू झाली कॅनडात, टोरोंटोच्या आसपास. घोड्यांचा इन्फ्लुएंझा. ताप, खोकला, अंगात त्राण नाही. काही आठवड्यांतच ती न्यूयॉर्क, बोस्टनला पोचली. मेले त्या मानानं थोडे, पण बाकीचेही कित्येक दिवस जुंपायच्या कामाचे राहिले नाहीत. तेव्हा ट्राम, मालाचे गाडे, आगीचे बंब, सगळं घोड्यावर चालायचं. न्यूयॉर्कमध्ये लोकांनी बैल आणून जुंपले, काही ठिकाणी माणसांनीच गाडे ओढले.

बोस्टनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख होते जॉन डॅमरेल. त्यांनी घोडे बरे व्हायची वाट बघितली नाही. बंब ओढायला जादा माणसं लावली, दोरखंड तयार ठेवले. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी बाजारपेठेत आग लागली आणि माणसांनी बंब ओढत नेले. तरी ६५ एकराचा पट्टा जळाला, ७७६ इमारती गेल्या.

लोकांनी खापर फोडलं घोड्यांवर. पण नंतर चौकशीत निघालं की घोडे नसल्यानं झालेला उशीर काही मिनिटांचाच होता. खरं दुखणं वेगळं होतं. त्या भागातले पाण्याचे नळ बारीक, इमारतींची वरची छपरं लाकडाची. आदल्या वर्षी शिकागो जळालं, ते डॅमरेल स्वतः बघून आले होते. मोठे नळ टाका म्हणून त्यांनी मागणीही केली होती. ती मान्य झाली नाही.

म्हणजे जनावर बसेल हे धरून जेवढी तयारी केली, तेवढी उपयोगी पडली. पाण्याची तयारी राहिली, ती नडली.

आपल्याकडं इर्जिक होतीच की. एकाची जोडी बसली तर गावच्या जोड्या त्याच्या रानात यायच्या. आता जोड्या कमी झाल्यात. म्हणून पेरणीच्या आधीच शेजाऱ्याशी बोलून ठेवा : तुमचं जनावर बसलं तर आमचं, आमचं बसलं तर तुमचं. दोघांचीही बसली तर ट्रॅक्टर कुणाचा, तेही ठरवा. आजारी जनावर वेगळं बांधायला जागा आत्ताच बघा. अन् गोठ्याजवळ आग लागली तर पाणी कुठून आणणार, तेही एकदा चालत जाऊन बघा.