बंडीवरचा तट्टा

नागपूरकडे बैल जुंपलेल्या वाहनाला बंडी म्हणतात, आणि पुण्यामुंबईकडून नव्याने आलेल्या माणसाला हा शब्द ऐकून प्रथम आठवते ते अंगात घालायचे बिनबाह्यांचे वस्त्र. उच्चार एक असला तरी दोहोंचा अर्थ अगदी निराळा आहे. वाहनवाचक बंडी ही द्राविड घराण्यातली; तेलुगूत ती 'बंडि' आणि तमिळमध्ये 'वंडि' या रूपाने आजही रोजच्या बोलण्यात नांदते, आणि ज्या मुलखाची एक सीमा तेलुगू प्रदेशाला भिडलेली, ज्याच्या अरण्यात गोंडी बोलली जाते, त्या मुलखाने आपल्या सर्वांत नित्याच्या वाहनाचे नाव शेजाऱ्याकडून घ्यावे हे स्वाभाविकच होय. 'गाडी' ही प्राकृतातल्या 'गड्डी'ची लेक, 'छकडा' हा संस्कृत 'शकटा'चा वंशज, आणि 'मोटार' साहेबाबरोबर आलेली. अशी चार दिशांनी आलेली नावे एका अंगणात उभी राहिली. परंतु कुटुंबाने वाहनाकडून जी अपेक्षा केली, तिची कुळी मात्र एकच आहे, असे मला दीर्घ विचारांती वाटू लागले आहे.

हा विचार सुरू झाला तो गेल्या दसऱ्याच्या सुमारास, आमच्या घरी मोटार बदलण्याची बोलणी चालू असताना. घरातली माणसे तीच, पण गरजा पालटल्या होत्या : आईने ब्याऐंशी ओलांडली आणि तिचे गुडघे वाकेनासे झाले, मुलगी पुण्यास नोकरीला, ती वर्षातून दोनतीनदा नवरा व दोन लेकरांसह येणार, आणि काटोलकडच्या बागेतली संत्री उतरली की दहाबारा क्रेट नागपुरास आणायचे, ते काही चुकत नव्हते. आम्ही इंजिनाची शक्ती, लिटरमागचे अंतर आणि कर्जाचा हप्ता यांचे हिशेब मांडीत बसलो असता आईने एवढेच विचारले, "बसताना वाकावं लागते का? अन् उतरताना पाय कुठं टेकते?" मग ती तिच्या माहेरच्या दमणीविषयी बोलू लागली, आणि त्या संध्याकाळी मोटारींची चित्रे तशीच पडून राहिली.

दमणी म्हणजे माणसांच्या प्रवासासाठी केलेली हलकी, छपराची बैलगाडी. तिच्याहूनही हलकी ती रेंगी. एकदोन माणसांनी बसायची आणि चपळ बैलांनी पळवायची. ओझ्यासाठी बंडी ती वेगळीच. मध्य प्रांतात इंग्रजांनी १८६०च्या दशकात जमिनीचा बंदोबस्त करून मालगुजारीची सनद ज्यांच्या हाती दिली, त्या मालगुजारांच्या वाड्यासमोर ही तिन्ही वाहने उभी असत : धान्यकापसासाठी बंडी, कचेरीच्या कामाला मालकासाठी रेंगी, आणि सुना-लेकींसाठी दमणी. गरज बदलली की वाहन बदलायचे, ही श्रीमंताची रीत. त्यासाठी गोठ्यात बैलांच्या जोड्या हव्यात, चाकर हवे, आणि वर्षभराची वैरण हवी.

सामान्य कुणब्याच्या घरी बंडी एक आणि जोडी एक. त्याची रीत निराळी, आणि माझ्या मते अधिक बुद्धीची. कणा, तुंबा, आरे, चाकावरची लोखंडी धाव आणि जू हे सर्व कायम. बदलायचे ते केवळ वरचे. कापूस न्यायचा असला म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे तट्टे उभे करून बंडीला खोली आणायची, शेणखत न्यायचे असले म्हणजे साध्या फळ्या लावायच्या, आणि लेकीला सासरी पोचवायचे असले म्हणजे बंडी धुऊन, वंगण घालून, खाली तणसाचा जाड थर, त्यावर गोधडी व सतरंजी अंथरून, कमट्यांच्या कमानीवर तोच तट्टा वाकवून बांधायचा, की घटकेपूर्वी जिने खत वाहिले तिच्याच साटीवर घरची लक्ष्मी उन्हापासून निर्धास्त बसे. गरज बदलली की वाहन न बदलता वाहनाचे रूप बदलायचे! आजच्या कुटुंबाच्या मोटारीचे मूळ मी शोधतो ते मालगुजाराच्या दमणीत नव्हे, या तट्ट्यात.

आणि हे मूळ आणखी मागे जाते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चे नावच मातीच्या लहानग्या गाडीवरून पडले आहे. परंतु त्या नाटकाचे कथानक वळते ते खेळण्यातल्या गाडीने नव्हे, तर माणसे वाहणाऱ्या आच्छादित प्रवहणाने. वसंतसेनेला न्यायला आलेला चारुदत्ताचा गाडीवान आसनावरचे अंथरूण घरी विसरतो, ते आणायला गाडीसह परत जातो, आणि तेवढ्या अवकाशात, खेड्यातल्या गाड्यांनी रस्ता अडल्यामुळे दारासमोर थांबलेल्या दुसऱ्याच प्रवहणात ती चढून बसते. आत कोण आहे हे बाहेरून दिसत नाही म्हणून पुढचा सगळा अनर्थ. या प्रसंगात विद्वानांनी दैवाचा खेळ पाहिला आहे. मला त्यात एक घरगुती साक्ष दिसते : त्या काळीही बसण्याची गादी गाडीला जखडलेली नव्हती, ती घरात राही, आणि माणसे न्यायची असली की आठवणीने आणून अंथरावी लागे.

१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचा लोहमार्ग नागपुरास पोचला आणि लांबचा प्रवास बैलांच्या खांद्यावरून उतरला. बंडी आणि दमणी यांची धाव बाजारापर्यंत किंवा स्टेशनापर्यंत आखूड झाली. शहरात टांगा आला, पुढे सायकल रिक्षा आली. मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली, तशी वाड्यांपुढची तिन्ही वाहने बाळगण्याची ऐपतही ओसरली. त्या पिढीतल्या कित्येक घरांनी शहराचा रस्ता धरला, आणि धरमपेठेत वा महालात दोन खोल्यांचा संसार मांडल्यावर जे पहिले स्वतःचे वाहन दारात आले ते सायकल. त्यानंतरचे, पुष्कळ वर्षांनी, स्कूटर.

स्कूटरच्या वंशावळीत विदर्भाचे रक्त आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. बजाज ऑटो या कंपनीचे मूळ नाव बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ती १९४५ साली स्थापन झाली, आणि हे बच्छराज म्हणजे ज्यांनी जमनालाल बजाजांना दत्तक घेऊन आपल्या घराण्यात आणले ते वर्ध्याचे सावकार, नागपूरपासून अवघ्या पाऊणशे किलोमीटरवरचे. प्रथम इटलीहून वेस्पा आणून विकणारी ही कंपनी १९६०च्या सुमारास आकुर्डीला स्वतः स्कूटर घडवू लागली आणि १९७२ साली तिने चेतक बाजारात आणली. परवान्यांचा तो काळ. किती नग घडवायचे याचा आकडा सरकारदरबारी ठरायचा, म्हणून पैसे भरून नाव नोंदवलेला कारकून वर्षानुवर्षे वाट पाही. मिळाल्यावर मात्र त्या दोन चाकांवर चार जिवांचे कुटुंब बसे : थोरला मुलगा हँडलमागे उभा, मध्ये बाप, मागे आई एका अंगाला पाय सोडून, आणि तिच्या मांडीवर धाकटे. ओझ्यासाठी पायांपाशी पिशवी. विदर्भात आजही नुसते 'गाडी' म्हटले की बहुधा दुचाकीच समजतात, त्याचे कारण या दीर्घ सहवासात आहे.

मोटार त्या काळी मुख्यतः दोनच घराण्यांची. उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर १९५७पासून, आणि सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, जिचे पुढे पद्मिनी असे नामकरण झाले. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला शासन नागपुरास येई तेव्हा रस्त्यांवर पांढऱ्या ॲम्बॅसिडरांची रीघ लागे, आणि वाटे की मोटार ही हुद्द्याची वस्तू आहे, घराची नव्हे. परंतु ज्या थोड्या घरांत ती होती तिथे तिला तणस-सतरंजीच्याच दृष्टीने वापरले गेले. पुढची बैठक सलग बाकासारखी आणि गिअरचा दांडा सुकाणूजवळ, त्यामुळे पुढे तिघे सहज मावत. मागे चार मोठी, त्यांच्या मांडीवर तीन लहान, आणि रामटेकच्या दर्शनाला अख्खे घर एका खेपेत. मधल्या माणसाच्या पायांखाली मात्र उंचवटा येई, कारण पुढच्या इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा तिथून जात असे.

हा उंचवटा गेला, आणि आतली जागा मोकळी झाली, ती इंजिन आडवे बसवून पुढचीच चाके फिरवण्याच्या युक्तीने. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ची बांधणी अशी होती, म्हणून एवढ्याशा देहात चौघांची सोय झाली. तरीही कुटुंब चौघांपुढे गेले की तिचा इलाज थकला. पुढल्याच वर्षी आलेली सरकत्या दारांची मारुती व्हॅन मला अधिक आपली वाटते. मागची बैठक दुमडावी आणि किराणा भरावा, उघडावी आणि वऱ्हाड बसवावे. शाळेची मुले, लग्नाचे आंदण, रुग्णालयात न्यायचा आजारी माणूस, सगळे तिनेच वाहिले. १९९४च्या सुमोने मोठी कुटुंबे उचलली. टाटांच्या टेल्को कंपनीला आकार देणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे तिने धारण केली आहेत, हे आज तिच्यातून फिरलेल्यांनाही ठाऊक नसते. मग १९९८च्या डिसेंबरात पुण्याहून इंडिका आली, जिच्याविषयी रतन टाटांची कल्पना अशी होती की बाहेरून आकार मारुती झेनचा असावा, आत ऐसपैसपणा ॲम्बॅसिडरचा, किंमत मारुती ८००च्या आसपास आणि चालवण्याचा खर्च डिझेलचा. याच घराण्याच्या जमशेटजींनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल उभारली, तेव्हा तिच्या फाटकाशी कापसाच्या बंड्या लागत. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघे पाहून सुचलेली नॅनो २००८ साली जगापुढे आली. तिचा हेतू मला आजही हृद्य वाटतो, पण तिच्यात सामानाला जागा तोकडी होती, आणि आपल्याकडचे कुटुंब सामानाशिवाय कधी निघतच नाही.

याच सुमारास मोटारीचा आकार ठरवला तो कराच्या हिशेबाने. २००६च्या अर्थसंकल्पाने चार मीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले, आणि तेव्हापासून कारखानदार मंडळी चार मीटरांच्या कुंपणात अधिकाधिक माणसे बसवण्याच्या विद्येत पारंगत झाली. २०१९ साली आलेली रेनॉ ट्रायबर ही त्याच विद्येचे फळ : लांबी ३९९० मिलिमीटर, आसने सात, आणि तिसऱ्या रांगेतली दोन्ही आसने स्वतंत्रपणे उचलून बाहेर काढता येण्याजोगी. सातही जागा ठेवल्या तर मागे सामानाला ८४ लिटर एवढीच पोकळी उरते; ती दोन काढली की ६२५ लिटर.

हे आकडे मी आईला वाचून दाखवले तेव्हा तिला त्यांत फारसे स्वारस्य वाटले नाही. विक्रेत्याच्या दालनात मात्र तिने एकेका मोटारीत स्वतः चढून-उतरून पाहिले. काहींत खाली रुतून बसावे लागे, काहींत खिडकीचा कठडा धरून वर चढावे लागे; ज्या मोटारीचे आसन तिच्या कमरेच्या बरोबरीला आले, तिच्यात ती नुसती वळून टेकली आणि पाय आत घेतले. माहेरच्या दमणीला मागे लोखंडी पायरी होती, ती याच हिशेबाने बसवली होती, असे तिने सांगितले. समृद्धी महामार्गाने आम्ही वर्षातून एकदोनदा शिर्डीकडे जातो. तिथे लहान मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि वैशाखात नागपूरचे ऊन ४५ अंशांपुढे जाते, म्हणून टायरांची प्रत आणि मागच्या रांगेपर्यंत पोचणारी थंड हवा यांचीही चौकशी आम्ही बारकाईने केली. इंजिनाच्या शक्तीचा प्रश्न हळूहळू मागे पडला.

मोटार आली ती सात आसनांची. पहिल्याच आठवड्यात आम्ही तिसऱ्या रांगेतली दोन्ही आसने काढली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. संत्र्यांचे क्रेट त्या मोकळ्या जागेत नीट बसले. खाली आईने एक जुनी सतरंजी अंथरायला लावली होती. भाद्रपदात मुलगी महालक्ष्म्यांसाठी येणार असे कळले, तशी ती आसने खाली उतरवून, झटकून, खटका वाजेपर्यंत दाबून पुन्हा बसवली. आई ओसरीवरून पाहत होती. तिच्या माहेरी तट्टा गोठ्याच्या भिंतीला उभा ठेवलेला असे, आणि तो खाली घेतला जाताना दिसला की पोरींना कळायचे, आत्या येणार.