मुक्कामापासून नाईटपर्यंत

‘एकच प्याला’ शिकवून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे नाटक आपल्याकडे कधी लागतं?” आमचे महाविद्यालय जिल्ह्याच्या गावी आहे. गावात नाट्यगृह आहे, त्याला पडदा आहे, खुर्च्याही आहेत. तरी त्या प्रश्नाला आम्हांला उत्तर देता आले नाही. ‘पुण्याला लागतं’ एवढेच म्हणालो, आणि तेही खात्रीने नव्हे. ज्या वाङ्मयप्रकाराचे आम्ही वर्षानुवर्षे अध्यापन करतो, त्याचा एकही व्यावसायिक प्रयोग न पाहता आमची मुले पदवीधर होतात. त्यांच्या लेखी नाटक म्हणजे कंसात सूचना छापलेले पुस्तक.

नाटक कंपन्या लहान शहरांकडे फिरकत का नाहीत, याची ठरीव उत्तरे आपणां सर्वांना पाठ आहेत. प्रेक्षक नाही, नाट्यगृहे नीट नाहीत, दूरदर्शनने आणि आता मोबाइलने माणसे घरात बसवली. यांतले काहीही सर्वस्वी खोटे नाही. परंतु मराठी रंगभूमीच्या इतिहासाकडे पाहिले की ही उत्तरे अपुरी वाटू लागतात. कारण ही रंगभूमी शहरांतून गावांकडे गेलीच नव्हती. ती गावांकडून शहरांत आली होती.

विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते 1843 मध्ये, सांगलीत. मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाटकगृहात त्यांची मंडळी खेळ करू लागली, ती त्यानंतर दहा वर्षांनी. पुढच्या काळातील कंपन्यांची नावेच पाहा : सांगलीकर, इचलकरंजीकर, शाहूनगरवासी. गावाचे नाव पाटीवर मिरवीत त्या मुंबई-पुण्यात जात. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. पुण्याचे माहात्म्य आम्ही नाकारत नाही. 31 ऑक्टोबर 1880 रोजी ‘शाकुंतल’चा पडदा पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहातच वर गेला, आणि किर्लोस्कर मंडळीने पुढे स्वतःचे नाटकगृहही पुण्यातच उभारले. परंतु घर पुण्यात बांधले म्हणून कंपनी घरात बसली नाही. ‘शारदा’ प्रथम रंगभूमीवर आली ती 1899 मध्ये इंदुरात. 1905 मध्ये नारायण राजहंस नावाचा मुलगा शकुंतला म्हणून प्रथम उभा राहिला तो मिरजेत. आणि ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग 1919 मध्ये, गडकरी गेल्यावर महिन्याभरात, बडोद्यात झाला. आज नव्या नाटकाचा शुभारंभ मिरजेत करण्याचे एखाद्या निर्मात्याने मनात आणले, तर लोक त्याची प्रकृती विचारतील.

हे साधत होते कसे? आमच्या मते त्याचे उत्तर ‘मुक्काम’ या एका शब्दात आहे. कंपनी गावी येई ती एका रात्रीसाठी नव्हे. बिऱ्हाड पडे. आचारी, पाणके, शिंपी, पडदे रंगवणारे, साथीदार, लहान भूमिका करणारी पोरे असा सारा संसार रेल्वेच्या डब्यांतून उतरे. गावात पक्के नाटकगृह नसेल तर तट्ट्यांचे उभारले जाई. आठवड्यातून दोन-तीन खेळ होत, आणि प्रत्येक खेळ निराळ्या नाटकाचा. ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’, ‘मानापमान’ अशी पाच-सहा नाटके बसलेली असल्यामुळे तोच प्रेक्षक महिन्यातून पाच-सहा वेळा तिकीट काढू शके. जिल्ह्याच्या गावात आठशे रसिक असतील, पण तेच आठशे पुनःपुन्हा येत. येण्याजाण्याचा आणि सामानाच्या वाहतुकीचा खर्च वीस-पंचवीस खेळांवर वाटला जाई. लहान गाव परवडे ते यामुळे. गाव रसिक होते हे खरेच. पण त्या रसिकतेचा हिशेबही जुळत होता.

मुक्कामाचा दुसरा लाभ वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. तोच नट आज सुभद्रा, परवा शकुंतला आणि पुढच्या शनिवारी सिंधू झालेला पाहिला की प्रेक्षकाच्या ठिकाणी तुलना निर्माण होते. पदाची जागा काल कशी घेतली आणि आज कशी, यावर पानाच्या दुकानी वाद होतात. समीक्षेची सुरुवात तिथेच आहे. गंधर्व कंपनीबरोबर अहमदजान तिरखवाँसारखा तबलजी फिरत असे. मैफलीचे निमंत्रण ज्यांना कधीही मिळाले नसते, त्यांनी नाटकाच्या तिकिटावर तो ऐकला. चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ किंवा गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ ही आत्मचरित्रे आपण नटांच्या आठवणी म्हणून वाचतो. ती मुक्कामांची बखर म्हणूनही वाचता येतात.

अर्थात, या चित्राला सोन्याची चौकट घालण्याचे कारण नाही. हिशेबाच्या मागे आधार होता संस्थानिकांचा. बडोद्याचे सयाजीराव, कोल्हापूरचे शाहू महाराज, इंदूरचे होळकर यांची बिदागी आणि आश्रय हा कंपन्यांचा विमा होता. शाहू महाराजांनी 1915 मध्ये कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारून दिले. पुढे त्यालाच केशवराव भोसले यांचे नाव मिळाले आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले. शिवाय मुक्कामाची किंमत माणसे मोजत होती. नटाला घर नसे, पोरांना शाळा नसे, कंपनी बुडाली की पगारही बुडे, आणि रंगमंचावर स्त्री तर नव्हतीच. हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया रंगभूमीवर आल्या, नट गृहस्थ झाला, त्याला रात्री आपल्या घरी झोपावेसे वाटू लागले, यात गैर काय? मुक्काम मोडण्यामागे ही न्याय्य इच्छाही होती, हे रंगभूमीचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत.

मोडण्याची बाकीची कहाणी परिचित आहे. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. 1933 मध्ये प्रभात कोल्हापूर सोडून पुण्यास आली, आणि 1935 च्या ‘धर्मात्मा’त खुद्द बालगंधर्व पडद्यावर दिसले. विजयानंद, भानुविलास ही पुण्यातली नाटकगृहांची नावे चित्रपटगृहांची झाली. बोलपट डब्यातून येई. त्याला ना आचारी लागे, ना बिऱ्हाड. 1948-49 मध्ये दख्खनची संस्थाने विलीन झाली आणि उरलासुरला आश्रय संपला.

येथपर्यंत इतिहासाची पुस्तके येतात आणि पुढे ‘स्वातंत्र्योत्तर रंगभूमीचा पुनरुदय’ असे प्रकरण सुरू होते. पण त्या पुनरुदयात एक मूलभूत बदल दडलेला आहे. मंडळी गेली आणि नाट्यसंस्था आली. संस्थेजवळ एका वेळी चालते ते एक नाटक, फार तर दोन. नट पगारी राहिला नाही. तो प्रयोगागणिक पैसे घेतो, ज्याला व्यवसायात ‘नाईट’ म्हणतात. हा शब्द आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो. मुक्कामाचे माप महिना होते. नाईटचे माप एक रात्र. ज्या गावात एक नाटक एकदाच लागू शकते, तिथे जाण्यायेण्याचा सारा खर्च एकाच प्रयोगाच्या उरावर बसतो. तरीही साठ ते ऐंशीच्या दशकांत कंत्राटदार प्रयोग विकत घेत, नाटकाच्या बसगाड्या विदर्भ-मराठवाडा-गोवा असे सलग दौरे करीत. प्रभाकर पणशीकर ‘तो मी नव्हेच’ घेऊन गावोगाव हिंडले. सलग दौरा म्हणजे मुक्कामाचाच पातळ केलेला अवतार होता. एका गावी पाच खेळ नाहीत, पण एका वाटेवर दहा गावे.

तोही मोडला तो दैनंदिन मालिकांनी. 1999 मध्ये अल्फा मराठी आली, हळूहळू इतर वाहिन्या आल्या, आणि नटाचे सोमवार ते शुक्रवार मुंबईच्या चित्रीकरणाला बांधले गेले. उरले शनिवार आणि रविवार. दोन दिवसांत दहा गावांची वाट कशी चालणार?

येथे पुण्याची भूमिका फार चमत्कारिक होते. द्रुतगती मार्ग 2002 पर्यंत पुरा झाला आणि मुंबईची नाटकमंडळी सकाळी निघून, पुण्यात दोन प्रयोग करून, रात्री घरी परतू लागली. नाटकाच्या हिशेबात पुणे हे मुंबईचे उपनगर झाले. पुण्यापासून सातारा अवघा सव्वाशे किलोमीटरच्या आत. शनिवारी पुणे, रविवारी सातारा, असे का होऊ नये? होत नाही, कारण रविवारही पुण्यातच खपतो. 1968 मध्ये बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले तेव्हा ते पुण्याचे भूषण होते. नंतर कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आले, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आले, बिबवेवाडीला अण्णाभाऊ साठे आले. शनिवारी कोथरूड, रविवारी दुपारी चिंचवड, रात्री बालगंधर्व. एकच नाटक, एकच शहर, तीन निराळे प्रेक्षक. सातारा, सांगली, सोलापूर यांच्या वाट्याच्या तारखा पुण्याच्या पेठांबाहेर वाढलेल्या वस्त्यांनी खाल्ल्या. आम्ही पुण्याला दोष देत नाही. पुणेकराला नाटक आवडते, हा काही त्याचा अपराध नव्हे.

आणि हीच गत खुद्द पुण्याच्या वाट्यालाही येते, निराळ्या मापाने. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्ले हा ब्रिटिश वाद्यवृंद भारतात आला. त्याने नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम केले. 2010 मध्ये ‘एनएच7 वीकेंडर’ हा संगीतमहोत्सव जिथे सुरू झाला, ते पुणे त्या यादीत नव्हते. पुण्याची तरुण मंडळी बसने नवी मुंबईला गेली. तीन-तीन रात्री एकाच ठिकाणी म्हणजे मुक्काम परत आलाच की! फक्त तो महानगरात आला, आणि प्रवासाचा भार कंपनीच्या अंगावरून प्रेक्षकाच्या अंगावर गेला.

लहान गावांत आता कला परवडतच नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला आम्ही दोन ठिकाणी नेऊ. एक, पुणे जिल्ह्यातलेच नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रा-कमिटीवाले येतात आणि सुपारी देऊन तारीख बांधतात. फडाचे तंबू, गाड्या, स्वयंपाक सारे बरोबर. मोठ्या फडात शंभरावर माणसे. तो ज्या गावांत जातो त्यांतल्या कित्येकांत नाट्यगृह सोडा, धड सभागृहही नसते. दुसरे ठिकाण गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. दिवाळीनंतर झाडीपट्टीतली मंडळे तिथून निघतात आणि खेड्यांत रात्रभर नाटके करतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या साहित्यवर्तुळातल्या अनेकांनी या रंगभूमीचे नाव प्रथम ऐकले. दोन्ही ठिकाणी मुक्कामाची वृत्ती टिकली आहे आणि संस्थानिकाची जागा गावाच्या वर्गणीने घेतली आहे. पैसे आधी ठरलेले असतात. तिकीटविक्रीच्या भीतीने कोणी घरी बसत नाही.

असो. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर आम्ही काही शिक्षकांनी वर्गणी काढून मुंबईच्या एका नाटकाला आमच्या गावी बोलावण्याचा उद्योग केला. व्यवस्थापक सज्जन होते. शनिवार-रविवार मिळणार नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले. मंगळवार निघाला, तोही एका नटाचे चित्रीकरण पुढे गेले म्हणून. प्रयोगाला नाट्यगृह भरले. मागच्या भिंतीला टेकून मुले उभी होती. मध्यंतरात ती आम्हांला विचारीत होती की नाटक संपल्यावर नटांशी बोलता येईल का. आम्ही आत जाऊन विचारले. मुख्य नटाला सकाळी नऊला चित्रीकरणाला पोहोचायचे होते. पडदा पडल्यावर अर्ध्या तासात सामान बसच्या टपावर चढले, आणि मुले फुलांचा हार घेऊन मागच्या दाराशी आली तेव्हा बस फाटकाबाहेर पडली होती.