शंटिंग मांडणी (प्रतिकृती रेल्वे)

शंटिंग मांडणी हा प्रतिकृती रेल्वेचा एक लहान प्रकार आहे. या प्रकारात गाडी बंद वळणावर सतत धावत ठेवली जात नाही. इंजिनाच्या साहाय्याने वाघिणी म्हणजे मालडबे जोडणे, सोडवणे आणि ठरलेल्या क्रमाने लावणे हाच त्यातील मुख्य भाग असतो. अशी मांडणी एखाद्या फळीवर मावते, त्यामुळे लहान घरातही ती करता येते. तिच्या आराखड्यात रुळांच्या संख्येपेक्षा प्रत्येक मार्गावर किती वाघिणी मावतात, ही बाब अधिक निर्णायक ठरते.

पार्श्वभूमी

प्रतिकृती रेल्वेचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. भाऊ जोशी यांनी उभारलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे संपूर्ण नगराच्या देखाव्यातून अनेक गाड्या धावतात. शंटिंग मांडणीचा हेतू याहून वेगळा आहे. तीत बहुधा एकच इंजिन असते आणि ते काही सेंटिमीटरच पुढे-मागे जाते; पण त्याची प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागते.

भारतीय रेल्वेवर पूर्वी लहान स्थानकांच्या मालधक्क्यांवर एक-दोन वाघिणी सोडल्या व उचलल्या जात. १९८०च्या दशकापासून एकाच मालाचा पूर्ण रेक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची पद्धत रूढ झाली आणि सुट्या वाघिणींची वाहतूक मागे पडली. म्हणून भारतीय विषयावरील शंटिंग मांडणीसाठी त्यापूर्वीचा काळ अधिक सोयीचा ठरतो. त्या काळाला शोभतील अशा चारचाकी वाघिणी, हाताने बदलायचे सांधे आणि हात असलेले सिग्नल मांडणीत घेता येतात.

प्रमाण आणि गेज

जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या एचओ प्रमाणात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान होते आणि रुळांतील अंतर १६.५ मिमी असते. हे अंतर १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजशी जुळते. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी असल्याने एचओ प्रमाणात ते सुमारे १९.३ मिमी व्हायला हवे. तयार रूळ वापरल्यास भारतीय गाडी किंचित अरुंद रुळांवर उभी दिसते. ही तडजोड सामान्यतः मान्य केली जाते. याउलट गोंदियाहून जबलपूरकडे जाणाऱ्या जुन्या सातपुडा मार्गाचे नॅरोगेज ७६२ मिमी होते. एचओ प्रमाणात ते सुमारे ८.८ मिमी होते आणि एन प्रमाणाचा तयार ९ मिमी रूळ त्याला जवळजवळ अचूक लागू पडतो.

आराखड्याचे घटक

शंटिंग नेक : इंजिन व त्याने ओढलेल्या वाघिणी सांध्याच्या पलीकडे थांबाव्यात यासाठी असलेला बंद टोकाचा मार्ग.

सांधा : गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी रचना.

साइडिंग : वाघिणी उभ्या करण्याचा मार्ग.

फाउलिंग मार्क : या खुणेच्या पुढे उभी असलेली वाघीण शेजारच्या रुळावरील गाडीला घासते. साइडिंगची उपयुक्त लांबी येथून बंद टोकापर्यंत मोजतात, सांध्यापासून नव्हे. आराखड्यातील बहुतेक चुका याच मोजणीत होतात.

वळसा लूप : इंजिनाला वाघिणींच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेणारा, दोन्ही बाजूंनी जोडलेला मार्ग. सर्व साइडिंग एकाच दिशेला उघडत असतील तर लूपची गरज नसते आणि बरीच जागा वाचते.

प्रचलित आराखडे

इंगलनूक साइडिंग : ब्रिटिश छंदकार ॲलन राइट यांच्या या आराखड्यात दोन सांधे व तीन साइडिंग असतात. त्यांत अनुक्रमे पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतात; नेकमध्ये इंजिन आणि तीन वाघिणी मावतात. एकूण आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच त्या लांब साइडिंगमध्ये लावायच्या, असा खेळ असतो. असे क्रम ८×७×६×५×४ म्हणजे ६,७२० होतात. तीन साइडिंगमध्ये मिळून अकरा जागा असतात, म्हणजे आठ वाघिणी ठेवल्यावर तीनच रिकाम्या राहतात. नेक लांब केल्यास कोडे सोपे होते, आखूड केल्यास हालचाल अडते.

टाइमसेव्हर : अमेरिकी छंदकार जॉन ॲलन यांच्या या आराखड्यात पाच सांधे व एक वळसा लूप असतो आणि काम किती वेळात झाले हे मोजले जाते. खेळ म्हणून तो चुरशीचा आहे. मात्र खरी रेल्वे मुद्दाम अडचणीचे यार्ड बांधत नाही, म्हणून खऱ्या स्थानकाचा आभास हवा असेल तेथे तो कृत्रिम वाटतो, असा आक्षेप घेतला जातो.

जागेचा हिशेब

बॉक्सएन वाघिणीची लांबी १०.७१३ मीटर आहे. एचओ प्रमाणात ती सुमारे १२.३ सेंमी होते. ५८ वाघिणींचा पूर्ण रेक याच प्रमाणात सात मीटरहून लांब होईल. घरगुती मांडणीत तो बसत नाही.

त्याऐवजी ८ सेंमीची चारचाकी वाघीण आणि १२ सेंमीचे शंटिंग इंजिन घेतल्यास नेक २४+१२ म्हणजे ३६ सेंमी होतो. प्रत्येक सांध्यासाठी २० सेंमी आणि फाउलिंग मार्कपर्यंत १० सेंमी धरले, तर पहिल्या सांध्यावरून निघणारी लांब साइडिंग ३६+२०+१०+४० म्हणजे १०६ सेंमीवर संपते. दोन सांधे ओलांडणाऱ्या आखूड साइडिंग ३६+४०+१०+२४ म्हणजे ११० सेंमीवर संपतात. त्यामुळे १२० सेंमी लांब व ३० सेंमी रुंद फळी पुरते.

उदाहरण : सालेकसा परिसर

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा हे तालुक्याचे ठिकाण हावडा–नागपूर–मुंबई मार्गावर, गोंदिया व डोंगरगड यांच्या दरम्यान आहे. हा मार्ग पूर्वी बंगाल नागपूर रेल्वेचा होता. आता तो दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो. सालेकशाच्या पूर्वेस दरेकसाचा डोंगराळ व वनाच्छादित भाग लागतो. धान हे परिसरातील मुख्य पीक असून गोंदिया तांदळाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे.

अशा परिसरातील एखादे काल्पनिक लहान स्थानक इंगलनूक आराखड्यात चांगले बसते. एक आखूड साइडिंग मालधक्क्याची, दुसरी तांदूळ गिरणीची आणि लांब साइडिंग गोंदियाकडे जाणाऱ्या वाघिणींची मानता येते. खत किंवा सिमेंट उतरवून रिकामी झालेली वाघीण गिरणीकडे न्यायची आणि तांदळाने भरलेली बाहेर काढायची, असे ठरवल्यास चिठ्ठीवरच्या क्रमाला अर्थ प्राप्त होतो. मुख्य मार्ग फळीच्या पुढच्या कडेबाहेर आहे असे मानावे. नेकचे बंद टोक बांबू व सागाच्या झाडीमागे झाकता येते, तर मागील पडद्यावर दरेकसाचे डोंगर रंगवता येतात.

बांधणी व चाचणी

रूळ ठोकण्यापूर्वी आराखडा कागदावर पूर्ण मापात काढून त्यावर प्रत्यक्ष वाघिणी ठेवून पाहाव्यात. वाघिणी सोडवण्याच्या जागा सरळ रुळावर असाव्यात, कारण वळणावर कपलिंग नीट सुटत नाही. लहान इंजिन सांध्यावरील वीज नसलेल्या भागात अडकते. त्यासाठी वीजप्रवाह खंडित न होणारे सांधे वापरतात. विदर्भातील कडक उन्हाळा व दमट पावसाळा यांमुळे लाकूड व धातू आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून रुळांच्या जोडांत बारीक फट ठेवणे आणि प्लायवूडच्या सर्व बाजूंना रंग देणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

सालेकसा तालुका
बंगाल नागपूर रेल्वे
नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, नागपूर