उन्हाळ्याचे पेट्रोल

ऋतूबरोबर भाव बदलावा तो हापूसचा, कोथिंबिरीचा, फार तर मेथीच्या जुडीचा. ज्याला ना मोहोर ना बहर, जे कोट्यवधी वर्षे पृथ्वीच्या पोटात निपचित पडून राहिले, त्या खनिज तेलाला उन्हाळा काय आणि हिवाळा काय, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु अमेरिकेत पेट्रोलचा भाव बहुतेक वर्षी वसंतात चढू लागतो आणि पानगळ सुरू झाली की उतरतो. व्यापाऱ्यांची लबाडी म्हणून हे प्रकरण निकालात काढणे सोपे आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला इतिहास नफ्यातोट्याइतकाच माणसाच्या श्वासाचाही आहे.

पहिले कारण कोणाच्याही ध्यानात येण्यासारखे आहे. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे मेमोरियल डे असतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. या दोन सोमवारांच्या मध्ये शाळांना सुट्टी, ऊन लख्ख, दिवस लांब. सारे राष्ट्र मोटारीत बसून बाहेर पडते. मागणी वाढली की भाव वाढायचाच. पण हे झाले अर्धे उत्तर. उरलेले अर्धे खुद्द पेट्रोलच्या पोटात आहे.

पेट्रोल हा काही एकच एक पदार्थ नव्हे. ती अनेक द्रवांची मिसळ आहे. त्यात ब्यूटेन नावाचा एक घटक घालतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो तोच हा. शून्याखाली जेमतेम अर्धा अंश तापमान असले तरी तो उकळतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत इंजिन चटकन पेटते, आणि तो स्वस्तही असतो. मात्र उन्हाळ्यात हाच गुण अवगुण ठरतो. नळीतच वाफ धरते आणि गाडी अडते. जुन्या फियाट-अँबॅसिडर घेऊन भर मे महिन्यात घाट चढणाऱ्यांना पेट्रोलपंपावर, म्हणजे गाडीतल्या पंपावर, ओले फडके ठेवण्याची युक्ती ठाऊक होती, ती याचसाठी. ही वाफ होण्याची खोड ३७.८ अंश सेल्सिअसला किती दाब पडतो यावरून मोजतात. कारखानदार फार पूर्वीपासून ऋतू पाहून ब्यूटेन कमीजास्त करीत. पण ती होती इंजिनाची सोय. त्यात सरकारने हात घालावा अशी वेळ यावयाची होती.

ती वेळ लॉस एंजेलिसने आणली. २६ जुलै १९४३ रोजी त्या शहरावर असे धुरकट मळभ उतरले की लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे जळू लागले. युद्धाचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका काहींना आली. मग कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन करणाऱ्या एका कारखान्यावर आळ आला. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुरके हटेना.

कोडे सोडविले ते एरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञाने. पॅसाडेनाच्या कॅल्टेक संस्थेत हा गृहस्थ अननसाच्या स्वादाचे रसायन शोधीत होता. ते बाजूला ठेवून त्याने शहराची हवा तपासावयास घेतली. १९५०च्या सुमारास त्याने दाखवून दिले की, मोटारींचा धूर, तेल शुद्धीकरणाचे कारखाने आणि उघडे पडलेले पेट्रोल यांतून निघणाऱ्या वाफा नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळतात आणि सूर्यप्रकाशात त्यांचा ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर आपले रक्षण करणारा हा ओझोन जमिनीलगत फुप्फुसे पोळतो. गुन्हेगार कोणी एक कारखाना नव्हता. घरोघरच्या दारात उभी असलेली मोटार होती. अर्थात हे मोटारवाल्यांना रुचले नाही, तेल कंपन्यांना तर नाहीच.

ऊन जितके कडक तितका ओझोन अधिक, आणि वाफही तितकीच अधिक. म्हणून कायदा आला तो उन्हाळ्यापुरता. १९७० साली अमेरिकेचा हवा-शुद्धीचा मोठा कायदा झाला. १९८९ पासून देशभर उन्हाळी पेट्रोलच्या वाफेवर मर्यादा आली आणि १९९२ पासून ती आणखी आवळली गेली. १ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत विक्रीच्या पेट्रोलचा दाब सामान्यतः दर चौरस इंचास ९ पौंडांहून अधिक नसावा, आणि काही उष्ण व दूषित भागांत ७.८हून अधिक नसावा, असा नियम झाला. मोठ्या साठ्यांवर तो १ मेपासूनच लागू होतो.

आता भावाचे गणित उलगडते. स्वस्त ब्यूटेन काढावयाचे आणि त्याची जागा महाग घटकांनी भरावयाची. टाक्यांतला हिवाळी माल वसंतात रिकामा करावयाचा. त्याच सुमारास कारखाने डागडुजीसाठी काही आठवडे बंद राहतात. माल थोडा, गिऱ्हाईक दाराशी. कॅलिफोर्नियाने तर १९९६ पासून आपली स्वतःची कडक मिसळ ठरविली. तेथे एखादा कारखाना बंद पडला की शेजारच्या राज्यातून सहज उसनवारी करता येत नाही, आणि भाव उसळतो.

सगळाच दोष ऋतूच्या माथी मारणेही बरे नव्हे. जून २०२२ मध्ये अमेरिकेत गॅलनला सरासरी ५ डॉलरहून अधिक पडत होते. त्यामागे मुख्यतः युक्रेनच्या युद्धाने भडकलेले कच्च्या तेलाचे भाव होते. ऋतूचा हिशेब त्यामानाने काही सेंटांचा. आणि संकट आले की हा नियमच पहिल्याने बाजूला सारला जातो. २००५च्या ऑगस्टअखेरीस कॅटरिना वादळाने आखाताकाठचे कारखाने बंद पाडले, तेव्हा सरकारने तो तात्पुरता उठविला.

हे काही सेंट भरतो कोण? जुन्या, तेल पिणाऱ्या गाडीतून दूरच्या कामावर जाणाऱ्या मजुराला ते धनिकापेक्षा अधिक जड जातात. आणि महामार्गालगतच्या स्वस्त वस्तीत बहुधा त्याचीच मुले राहतात. धुरके वाढले तर दमा आधी त्यांनाच गाठणार. लॉस एंजेलिसमध्ये मोटारी कितीतरी वाढल्या, तरी तिथला ओझोनचा उच्चांक त्या जुन्या दिवसांच्या निम्म्याहूनही खाली आला. अनेक उपायांत उन्हाळी पेट्रोल हा एक. हवा अजून पुरती निवळलेली नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे १६ जून २०१७ पासून पेट्रोलचा भाव रोज ठरू लागला. त्या आकड्यात कर किती, कच्चे तेल किती, हे आपण हिरिरीने विचारतो, आणि ते विचारलेच पाहिजे. त्याच जोडीला, आपल्या शहरांतल्या मुलांच्या श्वासासाठी त्यात काय धरले आहे, हाही प्रश्न आपण विचारावयास शिकले पाहिजे.