गृहसर्व्हरची घोषणात्मक मांडणी

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक 2012 साली बाजारात आला. विलेपार्ल्यातल्या दोन खोल्यांच्या घरातही राउटरशेजारी बसून तो गृहसर्व्हर म्हणून कुटुंबाचे फोटो, फाइली सांभाळू शकतो.

एकेक आज्ञा देत हाताने उभारलेल्या सर्व्हरचे मेमरी कार्ड बिघडले, की काय काय केले होते ते आठवत बसावे लागते. निक्सओएस प्रणालीत मात्र घोषणात्मक पद्धतीने, म्हणजे ‘काय हवे’ तेवढेच फाइलीत लिहितात. ‘सर्व्हिसेस.ओपनएसएसएच.एनेबल = ट्रू;’ एवढ्या ओळीने दुसऱ्या संगणकावरून आत शिरण्याची सोय होते. बदल फसला तर आधीची आवृत्ती निवडून परतता येते. हीच या पद्धतीची खरी श्रीमंती. फोटोंची प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर ठेवावीच लागते.

निक्सओएसच्या मुळाशी असलेल्या निक्स या साधनाचे काम एल्को डोल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात 2003 साली सुरू केले.