आईचे कुल, जमीन आणि खाणी : होपी व अकान समाजांची तुलना

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्याच्या ईशान्य भागातील होपी आणि पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या दक्षिण व मध्य भागातील अकान या दोन समाजांचा परस्परांशी कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. एक समाज रखरखीत पठारावर मका पिकवणारा, दुसरा घनदाट पर्जन्यवनाच्या पट्ट्यात कोको पिकवणारा. संख्याबळाची तर तुलनाच होऊ शकत नाही. होपी जमातीचे नोंदणीकृत सदस्य सुमारे चौदा हजार; घानाची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार ३ कोटी ८ लाख, आणि त्यात अकान गटांचा वाटा सुमारे ४६ टक्के. तरीही मानववंशशास्त्रात मातृवंशीय समाजांची चर्चा निघाली की ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोन्हीकडे मूल आईच्या कुलाचे मानले जाते, दोन्हीकडे जमीन परंपरेने व्यक्तीची नसून कुलाची असते, आणि दोन्हीकडे त्या जमिनीखाली बाहेरच्या जगाला हवे असलेले खनिज सापडले. होपींकडे कोळसा, अकानांकडे सोने.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. घाना म्हणजे एकच समाज नव्हे. उत्तरेकडील दागोम्बा, माम्प्रुसी आदी समाज पितृवंशीय आहेत, आग्नेयेकडील एवेही पितृवंशीय आहेत. त्यामुळे ‘होपी आणि घानावासी’ अशी सरसकट तुलना फसवी ठरते. खरी तुलना होते ती अकानांशी, त्यातही कुमासी ही राजधानी असलेल्या असान्ते समाजाशी.

मामाचा अधिकार, पित्याचे नाव

मराठी घरातला मामा लाड करणारा असतो. होपी किंवा अकान घरातला मामा मात्र शिस्त लावणारा. होपी मुलाला रागावण्याचा अधिकार परंपरेने आईच्या भावाचा. वडिलांच्या बहिणींकडे लाड करण्याची आणि थट्टामस्करीची जबाबदारी. अकानांत मामाला ‘वोफा’ म्हणतात आणि कुलाला ‘अबुसुआ’. अकानांची प्रमुख कुले आठ मानली जातात. असान्ते राजसिंहासन त्यांपैकी ओयोको कुलाकडे आहे. राजाचा वारस त्याचा मुलगा नसतो, तर भाऊ किंवा बहिणीचा मुलगा असतो, आणि त्याचे नाव सुचविण्याचा मान राजमातेचा, म्हणजे ‘ओहेमा’चा. १९०० साली इंग्रजांनी सुवर्णासनाची मागणी केली तेव्हा लढ्याचे नेतृत्व करणारी या असान्तेवा ही एजिसूची राजमाताच होती.

मात्र मातृवंश म्हणजे पित्याचे काहीच नाही, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. होपी बाळाचे नामकरण विसाव्या दिवशी होते आणि नाव ठेवतात त्या पित्याच्या कुलातील स्त्रिया. अकानांत आठव्या दिवशी बारसे होते आणि नाव देण्याचा हक्क पित्याचा. जन्मवाराचे नाव मात्र आपोआप मिळते. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ रोजी कुमासीत जन्मले, तो शुक्रवार होता.

घर कोणाचे?

वंशाचा नियम सारखा असूनही पत्नीच्या वाट्याला येणारी सुरक्षितता दोन्ही समाजांत सारखी नाही, आणि या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

होपींमध्ये लग्नानंतर पुरुष पत्नीच्या घरी राहायला जातो. घर स्त्रीचे असते आणि ते आईकडून मुलीकडे जाते. शेतात राबतो पुरुष, पण कणसे घरात आली की ती पत्नीच्या मालकीची होतात. पटले नाही तर पुरुष आपले चंबूगबाळे उचलून आईच्या किंवा बहिणीच्या घरी परततो. घर, धान्य आणि मुले जागच्या जागी राहतात. पतीच्या निधनाने स्त्री बेघर होण्याचा प्रश्न या रचनेत उद्भवत नाही. या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन फ्रेड एगन यांच्या १९५० सालच्या अभ्यासग्रंथात आढळते.

असान्ते समाजात वंश आईचा, पण निवासाचा नियम असा पक्का नाही. मायर फोर्टेस यांनी १९४५ च्या सुमारास केलेल्या पाहणीत अनेक जोडपी लग्नानंतरही आपापल्या आईच्या घरीच राहत असल्याचे आढळले. संध्याकाळी मुले डोक्यावर जेवणाची भांडी घेऊन आईच्या घरून वडिलांच्या घरी जाताना दिसत. अनेक ठिकाणी पत्नी पतीच्या गावी किंवा त्याच्या शेतावर जाऊन राहते. शेती पोटापुरती होती तोवर यात फारसे अडत नव्हते. कोको आल्यावर अडू लागले.

टेट्टे क्वार्शी याने १८७९ साली फर्नांदो पो बेटावरून कोकोच्या बिया आणल्या, आणि १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक बनला. कोकोचे झाड फळावर यायला काही वर्षे लागतात आणि नंतर ते दशकानुदशके उत्पन्न देते. त्या पहिल्या वर्षांत पत्नी आणि मुले मळ्यात राबत. पुरुष वारला की मळा जाई तो त्याच्या कुलाकडे, म्हणजे व्यवहारात त्याच्या भावाकडे किंवा भाच्याकडे; कारण पत्नी आणि मुले ही वेगळ्या कुलाची. वीस वर्षे मळा वाढवणारी विधवा रिकाम्या हाताने माहेरी परतल्याची उदाहरणे इतकी झाली, की शहाणे शेतकरी हयातीतच साक्षीदारांसमोर मळ्याचा भाग पत्नीला किंवा मुलांना देऊ लागले. असे दान पक्के व्हावे म्हणून घेणाऱ्याने ‘असेदा’, म्हणजे कृतज्ञतेदाखल मद्य अथवा रक्कम, देण्याची रीत आहे.

शेवटी १९८५ साली घाना सरकारने मृत्युपत्राविना मरण पावलेल्यांच्या संपत्तीसाठी कायदा केला. राहते घर आणि घरगुती चीजवस्तू पत्नी (किंवा पती) व मुलांना. उरलेल्या मालमत्तेचे सोळा भाग करून नऊ मुलांना, तीन जोडीदाराला, दोन हयात आई-वडिलांना आणि केवळ दोन रूढीनुसार कुलाला. व्यक्तीने स्वतः मिळविलेल्या संपत्तीपुरता हा कायदा क्रांतिकारक होता. कुलाच्या सामायिक जमिनीला तो लागू होत नाही, आणि मळा स्वकष्टार्जित की कुलाचा, हा वाद तिथूनच सुरू होतो.

दोन अर्ज

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दोन्ही समाजांवर जवळपास एकाच वेळी जमिनीचे संकट आले. अमेरिकी सरकारने १८८७ च्या कायद्यानुसार आदिवासींच्या सामायिक जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडण्याचे धोरण आखले आणि होपींच्या प्रदेशातही मोजणी सुरू केली. कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावे तुकडा पडला असता, तर स्त्रियांच्या कुलांकडची शेती एका पिढीत संपली असती. वाळू वाऱ्याने सरकते, ओहोळ मार्ग बदलतात, म्हणून प्रत्येक कुलाची शेते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असणे हाच तेथील शेतीचा विमा. तोही गेला असता. १८९४ साली शंभराहून अधिक होपी प्रमुखांनी वॉशिंग्टनला अर्ज पाठवून आपली पद्धत समजावून सांगितली. सहीच्या जागी त्यांनी आपापली कुलचिन्हे काढली होती. वाटपाची योजना बारगळली. मुलांना सरकारी शाळेत पाठविण्यास नकार देणाऱ्या १९ होपी पुरुषांना मात्र १८९५ साली अल्काट्राझच्या तुरुंगात डांबण्यात आले.

इकडे गोल्ड कोस्टमध्ये १८९७ साली इंग्रजांनी जमिनीवर सरकारी नियंत्रण आणणारे विधेयक मांडले. त्याच वर्षी केप कोस्ट येथे मूलनिवासी हक्क संरक्षण संस्था स्थापन झाली, तिचे शिष्टमंडळ लंडनला गेले, आणि विधेयक मागे घेण्यात आले. हा विजय किनारपट्टीचा होता. आतल्या असान्ते प्रदेशात इंग्रजांनी १८९६ सालीच राजा प्रेम्पे याला पकडून हद्दपार केले होते, आणि ओबुआसीच्या सोन्यासाठी १८९७ साली अशान्ती गोल्डफिल्ड्स कॉर्पोरेशन ही कंपनी लंडनमध्ये उभी राहिली. तिच्याकडे शंभर चौरस मैलांचा परवाना होता.

कोळशाची सही

होपींच्या प्रदेशात खाणीचा प्रश्न आला तो विसाव्या शतकात, आणि तोवर सही कोणी करायची याचे उत्तर बदललेले होते. परंपरेने प्रत्येक होपी गाव स्वायत्त. सगळ्या गावांच्या वतीने बोलणारा असा कोणी नव्हताच. १९३४ च्या कायद्याखाली १९३६ साली होपींसाठी राज्यघटना तयार झाली आणि निर्वाचित जमात परिषद अस्तित्वात आली. मतदानापासून दूर राहणे हीच नकाराची होपी रीत असल्याने कित्येक पारंपरिक गावांनी तिच्याकडे पाठ फिरवली. १९४० च्या दशकात ती बंद पडली, १९५० च्या दशकात पुन्हा उभी राहिली.

याच परिषदेने १९६६ साली ब्लॅक मेसा येथील कोळशासाठी पीबॉडी कंपनीशी करार केला. परिषदेचे वकील जॉन बॉयडन हे त्याच काळात पीबॉडीचेही काम करीत होते, हे नंतर कागदपत्रांवरून उघड झाले. स्वामित्वशुल्काचे सुरुवातीचे दर अत्यल्प होते. १९८७ साली ते साडेबारा टक्के झाले. त्याहून गंभीर बाब पाण्याची. कोळशाचा चुरा पाण्यात कालवून २७३ मैल लांबीच्या नळातून नेवाडातील मोहावे वीजकेंद्रात पाठविला जाई, आणि त्यासाठी वर्षाला शंभर कोटी गॅलनहून अधिक भूजल उपसले जाई. वार्षिक दहा-बारा इंच पावसावर, बी जमिनीत वीतभर खोल पेरून मका काढणाऱ्या लोकांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. झरे आटत असल्याची तक्रार गावांनी केली. कंपनीने उपशाशी त्याचा संबंध मान्य केला नाही.

तरीही कोळसा केवळ लुबाडणूक होता असे म्हणणे एकांगी ठरेल. जमात सरकारच्या उत्पन्नाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग त्यातूनच येत असे. म्हणूनच २००९ साली याच परिषदेने कोळशाला विरोध करणाऱ्या पर्यावरणवादी संघटनांना आपल्या प्रदेशात मज्जाव करणारा ठराव केला. मोहावे केंद्र २००५ च्या अखेरीस बंद पडले. उरलेले नावाहो वीजकेंद्र आणि त्याला कोळसा पुरविणारी खाण २०१९ साली बंद झाली. बहुतेक उत्पन्न एका झटक्यात थांबले. जुगारगृहाचा पर्याय होपी मतदारांनी पूर्वी नाकारला होता. चांदीचे दागिने, काचिना बाहुल्या, टोपल्या विणणे या कलांवर अनेक कुटुंबे जगतात, पण परिषदेचा खर्च त्यावर भागत नाही. जमीन संघराज्य सरकारच्या विश्वस्ततेखाली असल्याने ती तारण ठेवून कर्जही उभारता येत नाही. शिक्षणाची स्थिती सांगायची तर १९८६ साली होपी हायस्कूल सुरू होईपर्यंत माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना घर सोडून दूरच्या वसतिगृहात जावे लागत असे.

सोने, सरदार आणि कुळे

घानात खनिजे १९६२ पासून कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या, म्हणजे राष्ट्राच्या, ताब्यात आहेत. जमीन मात्र सुमारे ८० टक्के रूढीनुसार सरदारांच्या आसनाकडे किंवा कुलांकडे. १९९२ च्या राज्यघटनेने आसनाच्या जमिनीच्या उत्पन्नाची विभागणीही ठरवून दिली आहे. दहा टक्के प्रशासकीय खर्च वजा जाता २५ टक्के आसनाला, २० टक्के पारंपरिक परिषदेला आणि ५५ टक्के जिल्हा सभेला. जमीन कसणाऱ्याचा यात कोठेही उल्लेख नाही. सरदार हा मालक नसून विश्वस्त आहे असे घटना सांगते, २०२० च्या भूमी कायद्यानेही त्याला उत्तरदायी ठरविले आहे; पण भाडेपट्ट्यावर सही त्याचीच चालते.

याचा फटका बसतो तो बाहेरून आलेल्या कसणाऱ्या कुळांना. अनेक मळे ‘अबुनू’ म्हणजे निम्म्या किंवा ‘अबुसा’ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या तोंडी करारावर लावलेले असतात. ‘गालाम्से’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेकायदा सोनेखाणीसाठी जमीन दिली गेली, की कोकोची झाडे जातात आणि कुळाच्या हाती कागद नसतो. २०२४ साली जागतिक बाजारात कोकोचा भाव टनामागे दहा हजार डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा सरकारी मंडळाने आधीच ठरवून दिलेल्या भावाने विकणाऱ्या घानाच्या शेतकऱ्याला त्याचा अल्प लाभ झाला. सोन्याचे पैसे मात्र रोख मिळतात. मळा विकणाऱ्यांना दोष देताना हे विसरता येत नाही.

मोफत उच्च माध्यमिक शिक्षण (२०१७) आणि राष्ट्रीय आरोग्य विमा (२००३) या घानाच्या मोठ्या योजना. त्या चालविणाऱ्या सरकारनेच डिसेंबर २०२२ मध्ये बहुतांश परकीय कर्जाची परतफेड थांबविली आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलरचे साह्य मंजूर करून घेतले.

पाणी

खाणींचा हिशेब दोन्हीकडे अखेर पाण्यावर येऊन थांबतो. प्रा, ओफिन, अंकोब्रा या नद्या गालाम्सेमुळे गढूळ झाल्या आहेत. केप कोस्टला पाणी पुरविणाऱ्या सेक्येरे हेमांग केंद्राची रचना गढूळपणाच्या २,००० एककांपर्यंतच्या पाण्यासाठी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे सरासरी १४,००० एककांचे पाणी येत असल्याचे पाणीपुरवठा कंपनीने जाहीर केले आणि शहराचा पुरवठा तुटला.

होपींच्या काही गावांतील विहिरींत आर्सेनिकचे प्रमाण अमेरिकी मर्यादेपेक्षा अधिक आढळले. ते नैसर्गिक आहे, खाणीचे नव्हे. पण दूरवर नव्या विहिरी खोदून नळ टाकण्यासाठी बराच काळ निधीची वाट पाहावी लागली. कोलोरॅडो आणि लिटल कोलोरॅडो नद्यांच्या व भूजलाच्या हक्कांबाबतचा करार मे २०२४ मध्ये होपी, नावाहो आणि सॅन हुआन सदर्न पायूट या तिन्ही जमातींच्या परिषदांनी मंजूर केला. त्यातील पाच अब्ज डॉलरच्या कामांसाठी अमेरिकी काँग्रेसची संमती आवश्यक आहे.